रोग सांगण्याची किंमत

दसरा-दिवाळी उलटली की कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते, आणि सातारा व सांगली जिल्ह्यांतील उसाच्या फडांजवळ कोप्यांचे तळ उभे राहू लागतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून, तसेच जतसारख्या सांगली जिल्ह्यातीलच कोरड्या तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कामाचा प्रत्येक दिवस हा कर्जफेडीचा हप्ता असतो. अशा स्थितीत जोडीतील एकाला ताप आला, खोकला जडला आणि काम बुडाले, तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच. वर ‘खाडा’ लागतो. दिवसाला ५०० रुपयांपर्यंत खाडा आकारला जातो, ही गोष्ट २०१९ साली राज्यभर चर्चिली गेली. निमित्त निराळे होते. शासनाने नेमलेल्या समितीने त्या वर्षी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आढळले. त्यांतील अनेकींची मूळ तक्रार अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा स्वरूपाची होती. ही लक्षणे पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाची असतात आणि वेळीच मिळालेल्या औषधाने बरी होतात. पण औषधासाठी दवाखाना गाठावा लागतो, दवाखान्यासाठी दिवस मोडावा लागतो आणि दिवस मोडला की खाडा लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर रोगाला दोन किमती असतात. एक रोग सोसण्याची आणि दुसरी रोग सांगण्याची. पहिली किंमत शरीर मोजते. दुसरी समाज, मालक, कायदा आणि शेजारी मिळून ठरवितात. ज्या वेळी सांगण्याची किंमत सोसण्याच्या किमतीहून अधिक होते, त्या वेळी शहाणा मनुष्यही रोग लपवितो. त्याचे हे वागणे अज्ञानाचे लक्षण नसून हिशेबाचे असते. संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत मात्र या खाजगी हिशेबाचा भुर्दंड साऱ्या समाजाला भरावा लागतो. कारण लपलेला रोग एका शरीरात थांबत नाही. म्हणूनच दुर्बल घटकांमधील साथरोगांचा विचार करताना औषधे, लसी आणि इस्पितळे यांच्याइतकेच या दुसऱ्या किमतीकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. सातारा-सांगली हा टापू या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची चुकीची आणि बरोबर, अशी दोन्ही उत्तरे या परिसरात व त्याच्या शेजारी दिली गेली आहेत.

प्लेगचा धडा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि मुंबई इलाख्यात प्लेगविरोधी मोहिमेला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडती घेतली, रोग्यांना इस्पितळात व त्यांच्या आप्तांना वेगळ्या छावण्यांत नेले, सामानसुमान जाळले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली जाण्यात कसा झाला, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. राजकीय इतिहासात या प्रकरणाची पाने भरपूर आहेत. आरोग्याच्या इतिहासात त्याचा धडा एका वाक्यात सांगता येईल. झडतीच्या भीतीने लोकांनी रोगी लपविले, प्रेते लपविली आणि घरे सोडून ते परगावी निघून गेले. ज्या उपायाने साथ आवळावयाची, त्याच उपायाने ती पसरण्यास हातभार लागला. पुढील वर्षांत सातारा जिल्ह्यालाही प्लेगने जबर तडाखा दिला.

त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या एका स्त्रीने दुसरा मार्ग दाखविला होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. रोग्याला शोधून काढण्यासाठी तेथे बंदूक लागली नाही. शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या त्यागावर साथ आवरता येत नाही, हे खरे. तथापि, ज्याच्यापाशी जाण्याची भीती वाटत नाही त्याच्यापाशीच रोगी आपणहून जातो, हा नियम त्या दवाखान्याने सिद्ध केला.

पाचगणी ते मद्रास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगाने प्लेगची जागा घेतली. औषध नव्हते, स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी सातारा जिल्ह्यातील पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केले. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळाच्या कार्यातून वॉन्लेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. ही कामे मोठीच होती. पण महिनोन् महिने काम सोडून डोंगरावर जाऊन राहणे गिरणी कामगाराला, शेतमजुराला किंवा शाळामास्तराला परवडणारे नव्हते. घरातील कर्ता माणूस आरोग्यधामात गेला की मागे चूल विझे. शिवाय ‘त्याला क्षय आहे’ ही वार्ता गावभर होई, ती वेगळीच. परिणामी गरीब रोगी खोकला दाबून कामावर जात राहिला.

ही कोंडी एका संशोधनाने फोडली. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात १९५६ पासून एक काटेकोर तुलना करण्यात आली. रोग्यांच्या एका गटाला आरोग्यधामात ठेवून, तर दुसऱ्या गटाला त्यांच्या स्वतःच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता आणि त्यांना विश्रांतीही कमी मिळत होती. असे असूनही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील रोगी बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. घरच्या माणसांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. साऱ्या जगाची क्षयरोगनीती या अभ्यासाने बदलली. वैद्यकीयदृष्ट्या तो औषधांचा विजय होता. अर्थशास्त्रीयदृष्ट्या तो रोग सांगण्याची किंमत उतरविण्याचा विजय होता, असेच म्हणावे लागेल. कारण उपचार घेण्यासाठी आता घर, काम आणि गाव सोडण्याची अट उरली नव्हती.

म्हापशाचे ६४ दिवस

एवढा धडा मिळाल्यानंतरही १९८० च्या दशकात एचआयव्ही भारतात आला, तेव्हा देश पुन्हा प्लेगच्या काळाकडे वळला. १९८६ साली मद्रासमध्ये वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत या विषाणूचा पहिला पुरावा सापडला. शेजारच्या गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाला त्या अधिकाराचा अनुभव आला. त्याचा गुन्हा कोणता? तो स्वेच्छेने रक्तदान करीत असे आणि त्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला. म्हापसा येथील एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात त्याला ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवण्यात आले. न्यायालयीन लढ्यानंतर तो सुटला. पुढे त्याने बाधितांसाठी संस्था स्थापन केली आणि १९९२ साली त्याचा मृत्यू झाला.

या घटनेतून रक्तदात्यांनी काय बोध घेतला असेल? तपासणी करून घेऊ नये, आणि झालीच तर नाव खोटे सांगावे! सक्तीचे अलगीकरण वर्षानुवर्षे एकाही लक्षणावाचून जगणाऱ्या आणि केवळ सहवासाने न पसरणाऱ्या विषाणूपुढे निरर्थक होते. त्याने साधले एवढेच की, रोग सांगण्याची किंमत तुरुंगवासाइतकी वाढली.

गोकुळनगरातील हिशेब

पुणे-बंगलोर हमरस्ता सातारा आणि कऱ्हाडवरून जातो. हळद व बेदाण्याच्या बाजारामुळे सांगलीत मालमोटारींची सदैव वर्दळ असते. दक्षिणेला सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची जुनी प्रथा, आणि उत्तरेला मुंबई. या भूगोलामुळे सांगली, मिरज, कऱ्हाड येथील वेश्यावस्त्या साथीच्या वाटेवरच पडल्या. पुढे २००६ च्या सुमारास देशातील जिल्ह्यांची वर्गवारी झाली, तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सर्वाधिक जोखमीच्या ‘अ’ वर्गात मोडले.

१९९२ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली, त्याच वर्षी सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने ‘संग्राम’ म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था सुरू झाली. गोकुळनगर वस्तीतील स्त्रियांमध्ये निरोधाचा वापर वाढविणे, हे तिचे आरंभीचे काम. त्या काळी ‘जोखमीचे गट’ असा शब्दप्रयोग रूढ होता. त्यात या स्त्रियांकडे रोगाचे उगमस्थान म्हणून पाहण्याची वृत्ती दडलेली होती. वास्तविक त्या रोगाच्या उगमस्थानी नव्हत्या, रोगाच्या तडाख्यात होत्या. संस्थेने बाहेरच्या उपदेशकांऐवजी वस्तीतीलच स्त्रियांना कार्यकर्त्या केले. निरोधाचे वाटप, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे, पोलिसांच्या जाचाला तोंड देणे ही कामे त्यांनीच अंगावर घेतली. १९९६ साली या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. समाजाने शिवीसारखा वापरलेला शब्द त्यांनी आपल्या संघटनेच्या नावात घातला, यातच सांगण्याची किंमत उतरविण्याचा पहिला डाव होता.

हा प्रयोग निव्वळ करुणेचा मानणे चूक ठरेल. त्यामागे भक्कम आर्थिक तर्क आहे. एकट्या स्त्रीने निरोधाचा आग्रह धरला, तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाते. तिचा रोजगार बुडतो आणि साथही थांबत नाही, कारण गिऱ्हाईक शेजारी जाऊन जोखीम घेतेच. अशा परिस्थितीत प्रत्येकीच्या दृष्टीने आग्रह सोडणे हेच त्या दिवसापुरते शहाणपणाचे असते, आणि त्या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या नाशात होते. पण वस्तीतील सर्वच दारांवर एकच उत्तर मिळू लागले, तर गिऱ्हाइकाला जाण्यास दुसरी जागा उरत नाही आणि नकाराची किंमत एकीच्या पदरात पडत नाही. कामगार संघटना मजुरीच्या दराबाबत जे करतात, तेच येथे आरोग्याबाबत घडले. निरोध सरकार फुकट देऊ शकते. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ मात्र फक्त संघटनेतूनच येते.

याच सुमारास इतरत्रही हा तर्क पारखला जात होता. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले, तेव्हा निरोधाचा नियमित वापर नाममात्र होता; दशकाच्या अखेरीस तो बहुसंख्य स्त्रियांचा नित्यक्रम झाला. थायलंडने १९९१ पासून देशभर सर्व कुंटणखान्यांत निरोध सक्तीचा केला. तेथे जबाबदारी मुख्यतः मालकांवर टाकली होती आणि नव्या लागणींत मोठी घट झाली. त्या पद्धतीत शासनाच्या दंडुक्याचा भाग मोठा होता, तर सोनागाछी व सांगलीत स्त्रियांच्या संघटनेचा. पण गिऱ्हाइकाला दुसरे दार मोकळे राहू द्यावयाचे नाही, हे मर्म सर्वत्र एकच होते.

या वाटेवर पैशाचा मोहही आडवा आला. अमेरिकेने २००३ च्या कायद्यान्वये, वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करील अशाच संस्थेला एड्ससाठी मदत देण्याची अट घातली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे होते, त्यांच्याविरुद्ध प्रतिज्ञा करून त्यांच्यातच काम करणे अशक्य होते. ‘संग्राम’ने २००५ साली ती मदत नाकारली. संस्थेच्या जमाखर्चात ही तूट दिसली असेल. विश्वासाच्या खात्यात ती जमेची बाजू होती.

आकड्यांच्या पाठीमागे

संशोधनाने या काळात दोन गोष्टी निर्विवादपणे पुढे आणल्या. पहिली पुण्याची. तेथील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. वेश्याव्यवसायातील स्त्रियांपैकी ४९.९ टक्के बाधित होत्या. पण ज्यांचा या व्यवसायाशी काहीही संबंध नव्हता, अशा स्त्रियांतही हे प्रमाण १३.६ टक्के होते. त्यांतील बहुतेक विवाहित असून पतीखेरीज अन्य कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. त्यांच्या बाबतीत विवाह हीच जोखीम होती. ‘सभ्य’ वस्ती आणि ‘बदनाम’ वस्ती यांच्यामध्ये समाजाने कल्पिलेली भिंत विषाणूला कधीच दिसली नव्हती, आणि ती ओलांडून ये-जा करणारा पुरुष कोणत्याच जोखमीच्या यादीत नव्हता.

दुसरी गोष्ट उपचाराची. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रेही सहभागी होती, असे दिसून आले की, बाधिताला लवकर औषधे सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध ठरला. २०१७ पासून भारतात तपासणीत बाधा आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. मात्र त्यासाठी मनुष्य तपासणीपर्यंत यावा लागतो, आणि तो येणे किंवा न येणे पुन्हा त्या दुसऱ्या किमतीवरच अवलंबून असते.

साथीचे मोजमापसुद्धा या किमतीपासून मुक्त नाही. २००५ साली देशातील बाधितांची संख्या सुमारे ५२ लाख मानली जात होती. २००७ साली घरोघरच्या पाहणीचा आधार मिळाल्यावर हा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. रोग एका वर्षात निम्मा झाला नव्हता, तर मोजण्याची पद्धत सुधारली होती. लोक निर्भयपणे रक्त देतात आणि बोलतात, तेव्हाच संशोधकाच्या हाती खरा आकडा लागतो.

त्यानंतर भारतात नव्या लागणींत मोठी घट झाली आहे. प्रौढांमधील बाधेचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२१ च्या पाहणीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांत ते १.८५ टक्के आढळले. पुण्याच्या जुन्या आकड्याशी त्याची सरळ तुलना करता येणार नाही, कारण तो दवाखान्यात आलेल्या रुग्ण स्त्रियांपुरता होता. तरीही ओसरती दिशा स्पष्ट आहे. मात्र सर्वसाधारण प्रौढांच्या मानाने या स्त्रियांवरील भार अद्याप सुमारे नऊपट आहे, हे विसरून चालणार नाही. संघटनेच्या कार्यकर्त्या वस्तीत दिसेनाशा झाल्या, तर हा आकडा वर चढण्यास फार काळ लागणार नाही.

दोन आक्षेप

या विचारसरणीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला नीतीचा. अशा संघटनांना मान्यता देणे म्हणजे अनीतीला आणि स्त्रियांच्या खरेदी-विक्रीला अभय देणे नव्हे काय? अल्पवयीन मुलीला किंवा कोणत्याही स्त्रीला बळाने, फसवून या व्यवसायात आणणे हा गुन्हा आहे आणि त्याबाबत कोणतीही तडजोड असू शकत नाही. पण त्या गुन्ह्याचा शोध आणि स्वतःच्या मर्जीने तेथे राहणाऱ्या प्रौढ स्त्रीचा छळ, या दोन भिन्न गोष्टी आहेत. झोळीत निरोध सापडला म्हणून स्त्रीला पकडले, तर ती उद्यापासून निरोध बाळगणार नाही. नीतीची राखण मात्र त्यातून तसूभरही होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा अधिकार मान्य केला. निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, या शिफारशीचाही त्यात समावेश होता. सांगलीतील स्त्रिया १९९० च्या दशकापासून ज्यासाठी झगडत होत्या, ते अखेर न्यायालयाच्या भाषेत उतरले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुप्ततेला इतके महत्त्व दिले, तर पतीने लपविलेल्या रोगाची शिकार झालेल्या पत्नीचे काय? पुण्यातील १३.६ टक्के स्त्रियांचा प्रश्न हाच होता. सांगण्याची किंमत कमी करा, असे म्हणताना न सांगण्याची मोकळीक दिली जात नाही ना? याचे उत्तर सोपे नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, संमतीशिवाय तपासणी आणि बाधिताशी भेदभाव करण्यास मनाई केली; त्याचबरोबर समुपदेशनानंतरही जोडीदाराला धोका कायम असेल, तर विशिष्ट अटींखाली डॉक्टरला तो जोडीदाराच्या कानावर घालण्याची मुभा दिली. हा तोल योग्य आहे. पण कायद्यापेक्षा मोठे सत्य हे की, नोकरी जाणार नाही, घरातून हाकलले जाणार नाही आणि औषध मिळेल, याची खात्री ज्याला आहे, तोच मनुष्य घरी जाऊन खरे बोलण्याचे धैर्य करतो. पत्नीचे रक्षण पतीला भीती घालून झालेले नाही. भीतीच्या काळातच तिला सर्वाधिक लागण झाली.

कोपीपर्यंत न पोहोचलेले शहाणपण

गोकुळनगरने शिकविलेले हे शहाणपण उसाच्या फडापर्यंत मात्र पोहोचलेले नाही. ऊसतोड मजूर विखुरलेला, हंगामापुरता आणि परमुलखातला. त्याचे रेशनकार्ड एका जिल्ह्यात, क्षयाची वा एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र त्याच जिल्ह्यात आणि तो स्वतः पाच-सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात. क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटल्या तर रोग औषधांना दाद देईनासा होतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. २०१५ साली लाखामागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२३ साली १९५ वर आले. ही घट स्वागतार्ह असली, तरी उरलेला रोग आता अशा फिरत्या, कमी खाणाऱ्या आणि दाटीने राहणाऱ्या माणसांतच साठत जाणार.

येथेही संशोधनाने वाट दाखविलेली आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना सकस धान्याची पाकिटे देऊन करण्यात आलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत हे धान्य पोहोचले, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. पाचगणीच्या आरोग्यधामात हवा आणि विश्रांतीबरोबर पोटभर अन्नही मिळत असे. त्यांपैकी अन्न तेवढे प्रत्येक घरी पोहोचविता येते, असा या अभ्यासाचा अर्थ लावता येईल. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी मासिक रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली, हे योग्यच झाले. पण महिन्याचे हे हजार रुपये दोन दिवसांच्या खाड्यात संपत असतील, तर मजुराने कोणता हिशेब करावा?

उपाय असाध्य नाहीत. साखर कारखाना, मुकादम आणि मजूर यांच्या करारात दवाखान्यात गेलेला दिवस खाड्यातून वगळण्याची तरतूद झाली पाहिजे, आणि तो भार कारखान्याने उचलला पाहिजे. कारण निरोगी टोळी ही कारखान्याचीही गरज आहे. तपासणीची पथके फड सुटल्यावर, संध्याकाळी कोप्यांवर गेली पाहिजेत. हंगामाला निघतानाच औषधांचा पुरेसा साठा हाती देऊन, पुढील पुरवठा सातारा-सांगलीच्या केंद्रातून विनातक्रार मिळाला पाहिजे. कोरोनाच्या काळात, २९ सप्टेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायातील स्त्रियांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा देण्याचे आदेश राज्यांना दिले होते. संकटात जे शक्य झाले, ते दर हंगामात ऊसतोड मजुरांसाठी का होऊ नये? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे काम टोळीतीलच स्त्रियांना, मोबदला देऊन सोपविले पाहिजे. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार स्त्री परक्या पुरुष कर्मचाऱ्यापाशी बोलणार नाही. शेजारच्या कोपीतील बाईपाशी बोलेल. गोकुळनगरात हाच मार्ग यशस्वी ठरला.

यांपैकी कोणत्याही उपायाला नवी लस लागत नाही, नवे औषध लागत नाही. खर्च आहे, पण तो आजही होतच आहे. फरक एवढाच की, आज तो मजूर स्त्री आपल्या शरीराने भरते आणि म्हणून कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. प्लेगच्या वेळी सरकारने रोग्याला शोधण्यासाठी सोजीर पाठविले, एड्सच्या वेळी कुलूप लावले. दोन्ही वेळा रोग लपला. सांगलीच्या स्त्रियांनी दार आतून उघडून दाखविले. उसाच्या फडात ते दार उघडावयाचे असेल, तर प्रथम खाड्याची कडी काढावी लागेल.